गुहागरचा रस्ता विजापूरला का जातो?

प्रश्न : माझं माहेर पाटण तालुक्यात आणि सासर चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाटातून वर्षातनं चार-पाच फेऱ्या ठरलेल्याच. या रस्त्याला सगळे गुहागर-विजापूर रोड म्हणतात, पण आमच्यातलं कुणी कधी विजापूरला गेलेलं ऐकलं नाही, सगळे कराडपर्यंतच. मग नाव एवढ्या लांबचं कशाला? आणि आधी किलोमीटरच्या दगडांचं डोकं हिरवं असायचं ते आता पिवळं दिसतं, ते का?

उत्तर : ताई, आज विजापूर लांबचं वाटतं, पण आदिलशाहीच्या काळात या मुलखाची राजधानी तीच होती. धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की दाभोळ लागतं ना, वाशिष्ठीच्या मुखाशी, ते तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर, आधी बहमनींचं आणि मग विजापूरकरांचं. अरबस्तानातून घोडे इथे उतरायचे, मक्केला जाणारे यात्रेकरू इथून गलबतात बसायचे. १५०८ च्या शेवटी पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलं, तेव्हा ते विजापूरकरांकडेच होतं. आजचा डांबरी रस्ता जसाच्या तसा तेव्हाचाच आहे असं मी म्हणत नाही, तांडे वेगवेगळ्या घाटांनी चढायचे, पण खाडी ते विजापूर ही दिशा मात्र तेवढी जुनी आहे.

आता रस्ता नेमका इथूनच का, तर मला विचाराल तर तो नद्यांनी आखलाय. वाशिष्ठीच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं थेट गोवळकोटपर्यंत आत यायची, म्हणून तर तिथे किल्ला आहे. तिथून पुढे मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी बैलांच्या पाठीवर घाटावर जायचं आणि येताना गूळ, मिरची, डाळी, धान्य खाली यायचं. पोफळीपासून घाट चढलात की वर कोयना भेटते. ही नदी महाबळेश्वरहून निघून बराच वेळ सरळ दक्षिणेकडे येते आणि हेळवाकला काटकोनात वळून पूर्वेला जाते, आणि आपला रस्ताही तिथूनच तिच्या सोबतीने पाटणवरून कराडपर्यंत उतरतो, जिथे ती कृष्णेला मिळते. म्हणजे सह्याद्रीचा एक कडा चढला की पुढे नदीने खोरं तयार करूनच ठेवलंय. तुमच्या माहेरचा अख्खा रस्ता हा कोयनेचा काठ आहे.

आणि मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे कोयना धरण झाल्यावर पाण्यानेही हाच मार्ग धरला. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून पोफळीला खाली सोडतात, वीज करतात, मग कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा वीज आणि शेवटी ते वाशिष्ठीला मिळतं. घाटात गाडीची खिडकी उघडून बसता ना, तेव्हा त्या डोंगराच्या पोटातून तुमच्यासोबत नदी पण उतरत असते.

कराडच्या पुढे कडेगाव, विटा, जत आणि मग कर्नाटकात विजापूर, ज्याचं नाव २०१४ पासून अधिकृतपणे विजयपुरा झालंय. हा पट्टा एकदम वेगळा. कोयनानगरला पाऊस थांबता थांबत नाही आणि त्याच रस्त्यावर जतची माणसं टँकरची वाट बघतात. जमलं तर एकदा हिवाळ्यात पूर्ण रस्ता करा, गुहागरचा समुद्र ते गोलघुमट, हिरव्यापासून करड्यापर्यंत सगळा महाराष्ट्र बघून होईल.

दगडांचं सोपं आहे. हिरवं डोकं म्हणजे राज्य महामार्ग, पिवळं म्हणजे राष्ट्रीय. हा रस्ता आधी राज्य महामार्ग होता, आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६-ई झालाय. नंबरलाही अर्थ आहे. २०१० ला देशभर नवे नंबर दिले तेव्हा मुंबई-गोवा महामार्ग ६६ झाला आणि त्याच्या फाट्यांना पुढे एक आकडा लावून १६६, २६६ असे नंबर आले, मागे अक्षरं लागली ती आणखी फाट्यांसाठी. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर तुम्ही जो रस्ता ओलांडता तोच हा ६६, आणि कराडला पुणे-बेंगळुरू म्हणजे ४८ लागतो.

हायवे सोडून माहेरच्या गावाकडे वळताना फाट्यावर दगडाचं डोकं नारिंगी दिसलं तर तो ग्रामीण रस्ता, बहुतेक प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला.