टाकी उपसूनही पुन्हा तुंबत असेल, तर शोषखड्डा तपासा

आपण लिहिले आहे की जुळे सोलापुरातील आपल्या घराची सेप्टिक टँक ऑगस्टमध्ये गाडी बोलावून उपसली, तरी पंधरवड्यात ती पुन्हा भरली. आता फ्लश केल्यावर भांड्यात पाणी चढते, न्हाणीच्या जाळीतून घाण वर येते, आणि टाकीत ॲसिड ओतावे किंवा माणूस उतरवावा असा सल्ला मिळाला आहे. या दोन्ही गोष्टी कृपया करू नका.

सेप्टिक टँक चालू स्थितीत नेहमी भरलेलीच असते. तळाशी गाळ बसतो, वर साय धरते, आणि जितके नवे पाणी आत येते तितके मधले निवळलेले पाणी शोषखड्ड्यात, म्हणजे ते जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जाते. घरातून रोज 500 लिटर पाणी टाकीत जात असेल, तर 3000 लिटरची टाकी आठवड्याच्या आत भरणारच. त्यामुळे टाकी भरली का, यापेक्षा पाणी कुठवर उभे आहे हे पाहावे. ते बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी थांबले असेल तर टाकी ठीक आहे. पाइप बुडाला असेल तर पाण्याला पुढे वाट उरलेली नाही.

आधी घर आणि टाकी यांमधल्या चेंबरचे झाकण काढा. चेंबर कोरडे असून भांडे तुंबले असेल, तर दोष घरातल्या लाइनमध्ये आहे. चेंबर भरलेले पण टाकीची पातळी योग्य असेल, तर आत येणाऱ्या पाइपाचे तोंड साय, कापड किंवा पॅडने बुजलेले असते. आपल्याकडे भांडे आणि न्हाणी एकाच वेळी तुंबतात, शिवाय उपशाचा गुण टिकला नाही, म्हणून मला शोषखड्ड्याचीच शंका येते. पुढच्या वेळी गाडी येईल तेव्हा पातळी उतरत असताना बाहेरच्या पाइपाकडे दुरूनच बॅटरी मारून पाहा. तिकडून काळसर पाणी उलटे टाकीत ओघळू लागले, तर खड्डा गच्च भरला आहे, यात शंका उरणार नाही.

आपल्या भागात हे पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या पावसात, अधिक घडते. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी शोषेनाशी होते. टाकीतून गाळ वाहून आला असेल तर खड्ड्याच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतो आणि उरलीसुरली छिद्रेही बुजतात. अशा खड्ड्यावर खर्च करत बसण्यापेक्षा काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत जाणारा नवा खड्डा घ्यावा, आणि गच्चीचे पाणी त्यात मुळीच सोडू नये. परिसरात भुयारी गटार आली असेल, तर महानगरपालिकेची परवानगी घेऊन जोडणी करणे केव्हाही चांगले. तोवर कपडे धुण्याचे पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

ॲसिडने मैला कुजवणारे जिवाणू मरतात, सिमेंट खाल्ले जाते आणि शोषखड्डा मोकळा होत नाही. माणूस उतरवणे तर जिवावरचे आहे. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की त्याचा वासच येईनासा होतो आणि माणूस ओरडण्याआधी कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. सुरक्षासाधनांशिवाय असे काम करवून घेणे 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा यंत्रानेच करवून घ्या, झाकण उघडे असताना मुलांना लांब ठेवा आणि जवळ काडी पेटवू नका.

नव्या खड्ड्याची जागा बोअरपासून किमान 18 मीटर लांब ठेवा. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांतून मैलापाणी फार दूरवर जाऊ शकते, म्हणून बोअरचे पाणी पिण्यात असेल तर ते तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत उकळूनच प्या.