प्रकार बाजूला ठेवा, ड्रमरच्या मागे लागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेटलही आवडतं, अभंगही आवडतात, मधूनच जॅझ आणि रॅपही चालतं, पण ॲप तीच ती गाणी फिरवून फिरवून वाढतं, मग वेगवेगळ्या प्रकारांतले स्वतंत्र, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय आपलं आपण संगीत काढणारे, बँड शोधायचे कसे? यावर बऱ्याच जणांनी नावांच्या याद्या दिल्या आहेत. चांगल्या आहेत, पण यादी महिन्याभरात ऐकून संपते आणि तुम्ही पुन्हा तोच प्रश्न घेऊन येता. म्हणून मी नावांपेक्षा रीत सांगतो. नावं ओघात येतीलच.

प्रकारानुसार शोधणं आधी बंद करा. तुम्ही मेटल ऐकता एवढंच ॲपला कळतं, त्यामुळे ते आणखी मेटल आणून टाकतं. त्या मेटल बँडचा गिटारवाला घरी काय ऐकतो हे त्याला कुठून कळणार? शिवाय आपल्याकडे स्वतंत्र संगीताचं जग तसं लहान आहे. बरा ड्रमर, बरा बेसवाला, मिक्सिंग (रेकॉर्ड केलेले सगळे आवाज नीट जुळवणं) जमणारा माणूस असे लोक मोजके, त्यामुळे एकच माणूस दोन-तीन बँडांत सापडतो आणि ते बँड एकमेकांसारखे असतीलच असं नाही. त्या माणसाचा माग काढायचा.

उदाहरण म्हणून स्कायहार्बर हा मेटल बँड घ्या. दिल्लीच्या केशव धर यांनी घरच्या स्टुडिओत सुरू केलेला प्रकल्प. २०१२ साली त्यांचा दोन भागांचा पहिला अल्बम आला. पहिल्या भागात गायला ब्रिटनच्या टेसरॅक्ट बँडचा डॅनियल टॉम्पकिन्स, सगळं तरल आणि सुरेल. दुसऱ्या भागात मुंबईच्या भयानक मौत बँडचा सुनीत रेवणकर, आणि तिथे एकदम गुरगुरणं सुरू. मध्येच पाहुणा म्हणून मेगाडेथ बँडमधून बाहेर पडलेला मार्टी फ्रिडमन गिटार वाजवून जातो. ड्रमवर अमेरिकेतला अनुप शास्त्री, जो पुढे कॅनडाच्या इंटरव्हल्स बँडमध्येही वाजवत होता. म्हणजे एका अल्बमच्या क्रेडिट्समधून, कुणी काय केलं त्या यादीतून, चार दिशांना वाटा फुटल्या, आणि त्यातली एक थेट मुंबईत येते. ॲपवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांत क्रेडिट्स असतात, पण तिथे बहुतेकदा गीतकार-संगीतकारापलीकडे काही मिळत नाही. बँडच्या स्वतःच्या पानावर किंवा यूट्यूबवर व्हिडिओखालच्या मजकुरात खरा खजिना असतो. मिक्सिंग कुणी केलं, कुठल्या स्टुडिओत झालं, कव्हर कुणी काढलं, आभार कुणाचे मानले. आभाराची यादी तर मी आधी वाचतो; त्यात बहुतेक मित्रांचे बँड असतात.

मेटल नको असेल तर दिल्लीच्याच पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी नावाच्या बँडपासून निघा. जुन्या बॉलरूमची चाल, ब्रास, थोडं जॅझ, थोडा डिस्को असं काहीतरी त्यांचं मिश्रण आहे. २०१९ चा 'बिस्मिल्लाह' अल्बम ऐका. मग त्यांचा गायक सूर्यकांत साहनी एकटा 'लिफाफा' या नावाने काय करतो ते ऐका: हिंदी शब्द, इलेक्ट्रॉनिक ठेका, आवाज तोच पण जग वेगळं. त्याच बँडमधले कार्तिक पिल्लई आणि करण सिंग 'बेगम' नावाच्या बँडमध्येही भेटतात. माणसं दिल्लीची, इनमिन पाच-सहा, आणि प्रकार मात्र मोजत बसावे लागतील.

आता बँडकॅम्प. बँड आपलं संगीत थेट ऐकणाऱ्यांना विकतात ते हे संकेतस्थळ २००८ पासून आहे आणि मधल्या काळात दोनदा विकलं गेलं, त्यामुळे पुढे काय होईल सांगवत नाही. पण शोधाशोध करायला आजही याच्या तोडीचं दुसरं नाही. लोक तिथे जातात, गाणं ऐकतात आणि परत येतात. खरी गंमत कव्हरखाली आहे. अल्बम ज्यांनी पैसे देऊन घेतला त्यांची छोटी चौकोनी चित्रं तिथे ओळीने लावलेली असतात. काहींनी दोन वाक्यांत का आवडलं तेही लिहिलेलं असतं. चित्रावर दाबलं की त्या माणसाने आजवर घेतलेलं सगळं उघडतं. कुणाच्या घरी गेल्यावर आपण पुस्तकांचं कपाट न्याहाळतो ना, अगदी तेच. ज्याच्याकडे पाच हजार अल्बम आहेत त्याच्या नादी लागू नका, तो काहीही घेतो. शे-दोनशे असलेला, आणि त्यात डूम मेटलशेजारी (संथ, जड मेटल) आफ्रिकेतल्या माली देशातलं कोरा या तंतुवाद्याचं वादन ठेवणारा माणूस शोधा. असे दोघे-तिघे सापडले की त्यांना फॉलो करा. ते नवीन काही विकत घेतील तेव्हा तुम्हालाही कळेल. पैसे देणारा माणूस विचार करून निवडतो, फुकट ऐकणारा वाहत जातो, हा माझा ठाम पूर्वग्रह आहे.

लेबलांकडे, म्हणजे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांकडेही लक्ष ठेवा. लहान लेबल म्हणजे बहुधा एका-दोघांची आवड असते. हिपहॉपसाठी आझादी रेकॉर्ड्स, जड मेटलसाठी भारतातूनच चालणारं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी. परदेशात डोकवायचं तर साहेल साउंड्स: सहारा भागातले लोक मोबाइलच्या मेमरी कार्डवरून एकमेकांना देत असलेली गाणी जमवून, त्यामागचे कलाकार शोधून त्यांनी संकलन काढलं. ते एकदा ऐकाच.

भाषेचा बाऊ करू नका. इंडियन ओशन बँडच्या 'कंदिसा' गाण्याचे शब्द केरळच्या सीरियन ख्रिश्चन परंपरेतल्या प्रार्थनेचे आहेत. ते न समजता दोन पिढ्या डोळे मिटून ते गातायत, मग तमिळ किंवा मणिपुरीला का अडावं? चेन्नईच्या कास्टलेस कलेक्टिव्ह या बँडमध्ये गाना (तिथल्या वस्त्यांतली लोकगाणी), रॅप आणि रॉक एकाच मंचावर येतात, दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी ते उभं केलं. तिथून तेन्माच्या कुरंगन बँडकडे जाता येतं आणि अरिवूच्या रॅपकडेही. इंफाळ टॉकीज, केरळचा अवियल, शिलाँगचा ब्लूज वाजवणारा सोलमेट, हे सगळे याच खटाटोपात हाती लागतात. आपल्या भाषेतलं विचाराल तर अभंग रिपोस्ट आहे, बेस गिटार आणि ड्रमच्या साथीने संतांचे अभंग. मुंबईच्या स्वदेसी या रॅप करणाऱ्या मंडळींचं 'द वारली रिव्होल्ट' हे २०१९ चं गाणं ऐका. त्यात आरेतल्या केल्टीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत.

एक सावधगिरी. २०२५ मध्ये 'द वेल्वेट सनडाउन' नावाचा बँड स्पॉटिफायवर लाखोंनी ऐकला गेला आणि नंतर उघड झालं की संगीत एआयने बनवलेलं आहे. म्हणून नवा बँड आवडला की तो कुठे प्रत्यक्ष वाजवतो का, हे बघायची सवय लावा. आणि ऐकण्याच्या आकड्यांवरून बँड जोखू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षाला हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही, अशा गाण्यांत रत्नं पडलेली असतात. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ठेवून घेतं, त्यामुळे तिथला दोनशे रुपयांचा अल्बम बँडला बराच उपयोगी पडतो. कुणाची वाट बघत न बसता आपल्या गोव्याच्या रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये घरीच 'गोवन क्रेझी' अल्बम रेकॉर्ड केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः नेल्या. बँडकॅम्प ही त्याच स्कूटरची पुढची आवृत्ती समजा.

महोत्सवाला जाणार असाल तर पोस्टर खालून वर वाचा. एनएच७ वीकेंडर २०१० साली पुण्यात सुरू झाला तेव्हापासून बघतोय, लोक संध्याकाळी मोठ्या नावाला उगवतात. बारीक अक्षरातले बँड दुपारच्या उन्हात, रिकाम्या मैदानासमोर वाजवून गेलेले असतात. आदल्या आठवड्यात त्या बारीक अक्षरांतलं एकेकाचं एक गाणं ऐका, दोन-तीन ठरवा आणि वेळेत पोहोचा. छोट्या कार्यक्रमालाही ओपनिंग बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा, चुकवू नका. मुख्य बँडने स्वतः निवडलेला असेल तर तीच त्यांची शिफारस असते.

वाजवून झाल्यावर ही मंडळी बहुतेकदा टी-शर्ट विकायच्या टेबलाशीच उभी असतात. फोटो काढून झाला की विचारा, सध्या तुम्ही कुणाला ऐकताय? हमखास तीन-चार नावं मिळतात, आणि त्यातलं एक तरी त्यांच्या प्रकाराबाहेरचं असतं. फक्त ती नावं त्यांनाच तुमच्या फोनमध्ये टाइप करायला सांगा. बँडवाले स्पेलिंगं इतकी तिरपागडी ठेवतात की नुसतं ऐकून घरी आलात तर रात्रभर शोधत बसाल.