स्मरणिकेच्या पानांवर हाफटोनचे ठिपके कसे आणावेत?

आपण विचारले आहे की, गावच्या साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेत जुन्या छायाचित्रांना मोठ्या ठिपक्यांचे रूप द्यायचे आहे. संगणकाच्या पडद्यावर ते ठसठशीत दिसतात, पण छापून आल्यावर करडे आणि अस्पष्ट का होतात? बेळगाव आणि खानापूर भागातील स्मरणिकांची मांडणी मी बरीच वर्षे करीत आहे आणि ही अडचण मलाही आली आहे. कारण बहुतेक वेळा एकच असते: ठिपक्यांवर पुन्हा ठिपके पडतात.

ऑफसेट यंत्राला करडी छटा छापता येत नाही. शाई कागदाला एक तर लागते किंवा लागत नाही. म्हणून छपाईची प्लेट तयार होताना प्रत्येक छटेचे बारीक ठिपके होतात, गडद जागी मोठे आणि फिकट जागी लहान. आर्ट पेपर या गुळगुळीत कागदावरील मासिकासाठी ठिपक्यांची ही जाळी इंचाला साधारण १५० रेषांची, म्हणजे ठिपक्यांच्या ओळींची, असते, तर वर्तमानपत्री कागदासाठी ८५ ते १०० रेषांची. आपण केलेल्या ठिपक्यांच्या कडा करड्या राहिल्या, तर त्या कडांवर ही दुसरी जाळी बसते आणि ठिपका पिंजल्यासारखा दिसतो.

यावर उपाय म्हणजे चित्रात करडा रंग शिल्लकच ठेवू नये. फोटोशॉपमध्ये छायाचित्र प्रत्यक्ष छपाईच्या मापाचे करून घ्यावे, ग्रेस्केल म्हणजे करड्या छटांचे करावे, उठाव (कॉन्ट्रास्ट) थोडा वाढवावा आणि मग मोड बदलून बिटमॅप निवडावे, म्हणजे फक्त काळा आणि पांढरा उरतो. तेथे आउटपुट इंचाला १२०० पिक्सेल ठेवावे, पद्धत हाफटोन स्क्रीन, रेषा इंचाला २०, कोन ४५ अंश, आकार गोल. आडव्या आणि उभ्या ओळी डोळ्यांना लगेच जाणवतात, तिरप्या ओळी कमी जाणवतात. म्हणून काळ्या शाईला छापखान्यातही परंपरेने ४५ अंशांचाच कोन देतात. फाइल टिफ स्वरूपातच जतन करावी, कारण जेपेगमुळे ठिपक्यांभोवती धुरकट कडा येतात. यानंतर चित्र लहानमोठे करू नये. माप बदलले, तर मूळ ग्रेस्केल प्रतीपासून पुन्हा सुरुवात करावी. कलर हाफटोन नावाचा फिल्टर सोपा वाटतो, पण त्याच्या ठिपक्यांच्या कडा मऊ असतात, त्यामुळे छपाईसाठी मी तो टाळतो.

इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असे टिफ ठेवले की त्या चित्राला हवा तो रंग देता येतो, आणि चौकटीला दिलेला दुसरा रंग ठिपक्यांच्या मधून दिसतो. मात्र ठिपक्यांचा रंग काळा किंवा एखाद्या शाईचा पूर्ण १०० टक्के असावा. ६० टक्के गुलाबी दिलात, तर प्लेटवर त्या गुलाबीचेही बारीक ठिपके होतील आणि मूळ दोष परत येईल.

रेषा किती ठेवाव्यात, हा मला यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. ५ इंच रुंद चित्रात २० रेषांनी आडवे साधारण १०० ठिपके मावतात. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या बुरुजाला एवढे पुरेसे आहेत, कारण बुरुजाचा आकार ठळक असतो. पण संमेलनाच्या समूहछायाचित्रात एकेक चेहरा जेमतेम अर्ध्या इंचाचा असेल, तर त्याच्या वाट्याला १० ठिपके येतात आणि माणूस ओळखू येत नाही. ज्यांचे आजोबा त्या रांगेत बसलेले आहेत, त्यांना ते दिसलेच पाहिजेत. म्हणून अशा चित्रांना हा परिणाम मुळीच देऊ नये, ती साध्या ग्रेस्केलमध्ये छापावीत.

स्मरणिका मॅपलिथो या साध्या, लेप नसलेल्या कागदावर निघणार असेल, तर शाई कागदात पसरून ठिपके फुगतात आणि गडद भाग भरून जातात. म्हणून बिटमॅप करण्यापूर्वी सावल्या थोड्या उजळ कराव्यात. जुन्या अंकातून स्कॅन केलेल्या चित्रात आधीच एक जाळी असते. तिच्यावर नवी जाळी चढली की लाटांसारखी नक्षी उमटते, तेव्हा अशा स्कॅनला प्रथम हलके धूसर करून जुने ठिपके विरघळवावेत. पडद्यावर पान लहान करून पाहिले तरी अशीच नक्षी दिसते, पण ती पडद्याची असते. खरी परीक्षा करण्यासाठी एक पान मूळ मापात लेझर प्रिंटरवर काढावे आणि हातभर अंतरावर धरून पाहावे.