गेमचं परीक्षण, समीक्षा आणि ‘मी मेलो’

प्रश्न असा आला आहे: ‘मी निरनिराळ्या प्रकारच्या कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेमवर मराठीत लिहितो. मथळ्यात “गेम समीक्षा” लिहिलं तर एक मित्र म्हणतो “परीक्षण” म्हण, दुसरा म्हणतो “रिव्ह्यू”च राहू दे. बरोबर काय? “गेमप्ले”ला मराठी शब्द आहे का? आणि तो गेम की ती गेम?’ सोबत एक लेखही नमुन्यादाखल जोडला आहे.

पहिल्या भागात मी पहिल्या मित्राच्या बाजूने आहे. दोन्ही शब्दांत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हाच धातू आहे, त्यामुळे व्युत्पत्तीकडे न्याय मागून उपयोग नाही. निकाल वापरावरून लागतो. मराठीत पुस्तक परीक्षण, चित्रपट परीक्षण, नाट्यपरीक्षण असतं, तसंच माती परीक्षण आणि लेखापरीक्षणही असतं. म्हणजे वस्तू समोर आली, तिला कसाला लावलं, आणि कशी निघाली ते सांगितलं. समीक्षा निवांत होते. कृती पचल्यावर, तिच्यासारख्या इतर चार कृतींशेजारी ठेवून ती लिहायची. हिंदीत पुस्तक, सिनेमा, मोबाइल सगळ्यांची समीक्षाच होते. ‘गेम समीक्षा’ आपल्याकडे बहुधा तिथूनच आली असावी. परवा बाजारात आलेल्या गेमवर आज लिहीत असाल तर ते परीक्षण. (आणि ‘री’ दीर्घ. परि अधिक ईक्षण.) १९८४च्या ‘टेट्रिस’वर आज लिहायला बसलात, तर ती खुशाल समीक्षा होऊ द्या. वर्षभरातले वीस गेम एकाच लेखात घेतलेत तर तो आढावा. आणि ‘रिव्ह्यू’ बोलताना सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. त्यात पाप नाही, फक्त त्या एका शब्दात हे तिन्ही भेद बुडून जातात.

‘टीका’ मात्र मथळ्यात नको. ज्ञानेश्वरांनी शके १२१२मध्ये गीतेवर टीका केली तेव्हा तो शब्द अर्थ उलगडण्याचा होता. आज ‘या गेमवर टीका’ म्हटलं की लोक भांडण बघायलाच येतील.

परीक्षण या शब्दाची एक अट नाटकवाल्यांकडून शिकण्यासारखी आहे. नाट्यपरीक्षण लिहिणारा मनात पक्कं धरून असतो की आपण एक प्रयोग पाहिला, सगळे नव्हे. गेमचंही तेच आहे. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये आला, त्याआधी छापून आलेली परीक्षणं पीसीवरच्या प्रतीची होती आणि बरीचशी भरभरून होती. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर, तोच गेम इतका अडखळत होता की सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. पुढे दुरुस्त्या होत होत तो बराच सावरला. मग कोणतं परीक्षण खोटं? कोणतंच नाही, फक्त वेगवेगळ्या प्रयोगांची होती. म्हणून कोणत्या यंत्रावर, कोणती आवृत्ती आणि किती तास खेळलात हे पहिल्या परिच्छेदात लिहायचं. तुमच्या लेखात यातलं काहीच नाही.

आता ‘गेमप्ले’, म्हणजे चित्र-कथा बाजूला ठेवून प्रत्यक्ष खेळण्याचा अनुभव. याला ‘क्रीडाप्रवाह’ वगैरे घडवलेले शब्द मी ऐकले आहेत, आणि ते ज्याने घडवले त्यानेही पुन्हा वापरले नसतील. ‘खेळ’ म्हणावं तर तो शब्द आधीच भरलेला आहे. सिनेमाचा सहाचा खेळ, दशावताराचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ, शिवाय क्रिकेटचं पान. माझ्या मते इथे नाम शोधणं हीच चूक आहे. मराठीत हे काम क्रियापद करतं, आणि ते आपल्याकडे तयार आहे: खेळवणे. चांगला शिक्षक मुलांना खेळवतो, दिग्दर्शक रंगमंचावर पात्रं खेळवतो, मांजर उंदराला खेळवतं. गेम नेमकं हेच करतो, आपल्याला खेळवतो. ‘गेमप्ले उत्तम आहे’ याच्या जागी ‘गेम छान खेळवतो’ लिहून बघा. लगेच पुढचा प्रश्न अंगावर येतो, कसा खेळवतो? शिक्षकासारखा की मांजरासारखा? परीक्षणाचं निम्मं काम तिथेच सुरू होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ काढला, तेव्हा कौतुक झालं ते महालांच्या नक्षीचं आणि पुराणातल्या देवांचं. ते रास्तच होतं. पण भिंतीवरून धावणं, खांबावर चढणं यात तो मजेत खेळवतो आणि मारामारीत थोड्याच वेळात तेच तेच करायला लावतो, असं मला वाटलं. ‘गेमप्ले ठीकठाक’ या दोन शब्दांत हे कुठे मावणार?

‘तेच तेच’वरून आठवलं. पातळी वाढवण्यासाठी त्याच राक्षसांना शंभरदा मारायला लावतात, त्याला इंग्रजी खेळाडू ‘ग्राइंड’ म्हणतात. आपण कंटाळून ‘तेच दळण दळतोय’ म्हणतो ते थेट तिथे बसतं. उसनं काहीच घ्यावं लागत नाही.

तुमच्या लेखात ‘डिफिकल्ट’ अकरा वेळा आहे आणि एकदाही ‘अवघड’ नाही. इथे तर मराठी श्रीमंत आहे हो. ‘सेलेस्ट’ (२०१८) अवघड आहे पण किचकट मुळीच नाही. उडी, झेप आणि भिंतीला चिकटणं एवढंच शिकायचं, पडलात की क्षणात त्याच खोलीत पुन्हा उभे. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ (२०१३) किचकट आहे, तक्त्यांमागे तक्ते. ‘सिव्हिलायझेशन’ गुंतागुंतीचा, पण किचकट नाही, कारण एकेक धागा हळूहळू हातात येतो. ‘डार्क सोल्स’ला (२०११) मी खडतर म्हणेन. तिथे मरणाला किंमत आहे. जमवलेले ‘सोल्स’, म्हणजे तिथलं चलन, तिथेच पडतात आणि ते परत आणताना वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये (२०१८) जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते हुडकायचं असतं आणि तीन उत्तरं बरोबर आल्याशिवाय एकही पक्कं होत नाही. तो पेचात टाकतो. आणि ज्या गेममध्ये सामानाची पिशवी आवरण्यातच अर्धा तास जातो, तो जिकिरीचा. या सहांना एकच ‘डिफिकल्ट’ लावलं तर वाचकाने नेमकं काय समजायचं?

प्रकारांच्या नावांत मुलांनी आपल्याआधीच सोय करून ठेवली आहे: गाड्यांचा गेम, मारामारीचा गेम, डोकं लावायचा गेम. षष्ठी लावली की प्रकार तयार. अडतं ते ‘सोल्सलाइक’ (म्हणजे ‘डार्क सोल्स’सारखा), ‘रोगलाइक’ अशा नावांशी. १९८०च्या ‘रोग’ या गेमवरून एक अख्खी परंपरा सुरू झाली, दर वेळी नवा भुयारी रस्ता आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. देवनागरीत ‘रोगलाइक’ लिहिलं की साथ आल्यासारखं वाटतं. ‘रोगसदृश’ तर थेट दवाखान्यात नेतं. मी ‘रोग घराण्यातला’ लिहितो. संगीतातलं घराणं आपल्याला ठाऊक आहे, बंदिश तीच नसली तरी गळा ओळखू येतो. ‘हेडीस’ (२०२०) त्या घराण्यातला, पण कथेचं अंग निराळं. नुसती नक्कल असेल तर ‘सोल्सछाप’. ‘छाप’मध्ये नाक मुरडणं आपोआप येतं, तेवढं सांभाळून वापरा.

गुणांबद्दल एवढंच, की द्यायचे तर कोण देतंय ते दिसू द्या. जपानच्या ‘फामित्सू’ मासिकाची पद्धत मला आवडते. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. तिथे पैकीच्या पैकी पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली ‘ओकारिना ऑफ टाइम’ला. चौघांचे चार आकडे शेजारी असले की मतभेदही छापला जातो.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नव्वदच्या दशकात आमच्या कॉम्प्युटर क्लासला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. तासभरात राजकन्या सोडवायची. खिळ्यांवर पडलं की मुलं ओरडायची ‘मेलो!’ ‘प्रिन्स मेला’ असं कोणीही, कधीही म्हणालं नाही. खेळणाऱ्याच्या तोंडी प्रथमपुरुष आपोआप येतो, आणि परीक्षण लिहिताना मात्र आपण सिनेमाची सवय लावून घेतो: ‘नायक दार उघडतो, शत्रूला मारतो.’ इंग्रजीत यावर ‘यू’ आहे. तुम्ही त्याचं ‘तुम्ही दार उघडता’ केलंय, आणि ते वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकासारखं वाचलं जातं. आपल्याकडे ‘आपण’ आहे. त्यात लिहिणाराही आहे आणि वाचणाराही. ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) घ्या. सीमेवरच्या चौकीत बसून कागद तपासायचे, शिक्का मारायचा, चुका वाढल्या तर पगार कापला जातो आणि घरी पोरं उपाशी. ‘निरीक्षक एका बाईला परत पाठवतो’ हे वाक्य कोरडं आहे. ‘नवऱ्याला आत सोडलेलं असतं, मागून बायको येते, तिचे कागद अपुरे असतात, आणि आपण पगाराचा हिशोब करतो’ हे वाक्य त्या गेमचं आहे. त्यातला अपराध ‘आपण’ या शब्दातच आहे. स्वतःच्या मताला मात्र ‘मी’च हवा: मला कंटाळा आला, मी तिसऱ्या प्रकरणात सोडून दिला.

राहिलं लिंग. ‘तो गेम’ आणि ‘ती गेम’ दोन्ही ऐकू येतं, एकाच घरातही. माझ्या कानाला पुल्लिंग सरळ वाटतं, ‘खेळ’ आणि ‘डाव’ दोन्ही पुल्लिंगी असल्यामुळे असेल. मुंबईत कोणाचा ‘गेम केला’ तर तोही पुल्लिंगीच. स्त्रीलिंग चूक म्हणणार नाही, पण एका लेखात एकच ठेवा. तुमच्याकडे पहिल्या परिच्छेदात तो आलाय, तिसऱ्यात ती झालीय, आणि शेवटी ‘ते गेम फार भारी आहे’.