वाचकांचे प्रश्न : चाक कोण धरून ठेवतंय?

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे १९९१ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटरची. अर्धा तास चालवली की पुढचं डावं चाक तापतं, जळका वास येतो आणि ब्रेकवर पाय नसतानाही गाडी डावीकडे ओढते. तासभर उभी ठेवली की पुन्हा मोकळी होते. मागचं डावं चाकही गरम लागतं, पण ते हँडब्रेक टाइट करून घेतल्यानंतर सुरू झालं. गॅरेजवाले म्हणतात, कॅलिपर संपले, पुढे चार पिस्टनचं मोठं किट बसवून टाका. मलाही ब्रेक सुधारायचेच आहेत. एका खर्चात दोन्ही कामं होतील ना?

उत्तर : नाही होणार. किट तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातच अर्धं निदान लिहिलेलं आहे आणि त्यात पुढच्या कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या जबड्याचं, नाव पहिलं येत नाही.

'तासभर उभी ठेवली की मोकळी होते' हे वाक्य महत्त्वाचं. कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन गंजून बसली, तर तासाभरात शहाणी होत नाही. थंड झाल्यावर सुटणारं चाक बहुतेक वेळा आत कोंडलेल्या दाबाने धरलेलं असतं. पेडल सोडलं तरी ब्रेक ऑइलला परत जायला वाट मिळत नाही, पॅड घासत राहतात, ऑइल तापून फुगतं, दाब आणखी वाढतो. गाडी उभी केली की ते हळूहळू झिरपून मागे जातं आणि चाक सुटतं.

हे तपासायला एक पाना, थोडी पारदर्शक नळी आणि एक बाटली पुरते. गाडी चालवून चाक जाम होऊ द्या. जाम झालेलं असतानाच तपासायचं, थंड झाल्यावर नाही. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचा भाग उचलून स्टँडवर टेकवा (नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालणाऱ्यांशी मी बोलत नाही) आणि चाक हाताने फिरवून बघा. अडतंय? मग ब्लीडर निपलला (कॅलिपरवरचा, ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) नळी लावा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि निपल पाव फेरा सैल करा. ऑइल गरम असतं आणि जोरात येतं. त्या क्षणी चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष सुटला, दाब वरून कोंडला जातोय. निपल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं, तर अडचण यांत्रिक आहे: पिना किंवा पिस्टन.

एकच चाक असेल आणि निपल उघडल्यावर सुटत असेल, तर माझा पहिला संशय रबरी होज पाइपवर. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. आतलं अस्तर मात्र वयाने फुगतं किंवा त्याची साल सुटते आणि ती झडपेसारखी वागते. पाय जोरात दाबतो तेव्हा ऑइल तिला ढकलून कॅलिपरपर्यंत जातं. परत येताना ढकलायला फक्त पिस्टनच्या सीलचा जोर असतो आणि तो तुटपुंजा. तीस वर्षांहून जुन्या गाडीवर मूळ होज असतील तर तपासत बसू नका, पुढचे-मागचे सगळे बदला. स्टीलच्या जाळीचे घेतलेत तर पेडलही थोडं कडक लागेल. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालायचे.

दोन्ही पुढची चाकं एकदम जाम होत असती, तर मी होजकडे न बघता वर बघितलं असतं. पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडल पूर्ण वर आलं की ते उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. पेडलकडून त्यात जाणाऱ्या पुशरॉडला जरासुद्धा ढिलाई ठेवलेली नसेल, किंवा ब्रेक-लाइटचा स्विच इतका पुढे बसवला असेल की तोच पेडल किंचित दाबून धरतो, तर ते भोक उघडतच नाही. मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर नुकताच बदललेल्या गाडीत हे हमखास बघावं.

आता समजा निपल उघडूनही चाक सुटलं नाही. मग पॅड काढा आणि ते वाचा. आतला पॅड पातळ आणि बाहेरचा जाड असेल, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही. तुमच्या गाडीत पिस्टन एकाच बाजूला आहे. बाहेरचा पॅड ओढून आणायला अख्खा कॅलिपर सरकावा लागतो. पॅड तिरका झिजला असेल तर दोनांपैकी एकच पिन अडकली आहे. दोन्ही पॅड सारखेच, पण उजव्या चाकाच्या पॅडपेक्षा बरेच पातळ, असं असेल तर पिस्टन मागे येत नाही. पिना काढून चकचकीत होईपर्यंत साफ करा, खड्डे पडले असतील तर नव्या घ्या आणि ग्रीस सिलिकॉनचंच लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा तिथेच.

पिस्टनचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक चुकीच्या जागी पॉलिश पेपर घासत बसतात. पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग नसते. सिलिंडरच्या खाचेत बसलेलं चौकोनी छेदाचं रबरी सील पिस्टनबरोबर किंचित पुढे वळतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला तेवढंच, मिलिमीटरच्या काही दशांशाने, मागे खेचतं. सील खाचेत स्थिर, पिस्टन त्याच्यावर घासतो. म्हणून पिस्टनचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा आणि खाच स्वच्छ हवी. सिलिंडरच्या भिंतीवरचे डाग त्या मानाने दुय्यम. खाचेत सीलमागे गंज साचला की तो सीलला आत ढकलतो आणि सील पिस्टनला आवळतं. नवं सील-किट टाकूनही पुन्हा जाम होणाऱ्या कॅलिपरमध्ये बहुधा ही खाच कोणी खरवडलेली नसते. ती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने साफ करा, स्क्रूड्रायव्हरने नाही. पिस्टनच्या क्रोमवर खड्डे दिसले तर पिस्टन नवा. तो काढताना गाडीच्याच पेडलने बाहेर ढकला, समोर लाकडाचा तुकडा ठेवा. कॉम्प्रेसरची हवा मारून उडवलेल्या पिस्टनसमोर बोट असू नये. जोडताना सगळं ताज्या ब्रेक ऑइलने ओलं करा. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांचा थेंबही या रबरांना लागू देऊ नका.

मागचं चाक ही वेगळी कथा आहे आणि तुम्ही ती स्वतःच सांगितली आहे. या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरच्या आतच आहे. पॅड झिजले की हँडब्रेकचा दांडा वर वर येतो, आणि गॅरेजवाला केबल ताणून देतो. मग कॅलिपरवरचा लिव्हर कधी पूर्ण मागे येतच नाही, म्हणजे तुम्ही हँडब्रेक किंचित ओढूनच गाडी चालवता आहात. आधी केबल सैल करा आणि लिव्हर आपल्या टेकूपर्यंत जातो का बघा. केबल काढल्यावरही तो अडखळत असेल, तर त्याचा दांडा कॅलिपरमध्ये गंजलाय. तसा कॅलिपर उघडून दुरुस्त करण्यापेक्षा दुरुस्त केलेला घेतलेला बरा. लिव्हर मोकळा असेल तर कॅलिपरच्या पाठीवरचा झाकणाचा बोल्ट काढा. आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीचा स्क्रू आहे. पॅड डिस्कला आवळेपर्यंत तो घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या. दोन्ही बाजूंना हे करा आणि सगळ्यात शेवटी केबल लावा. नवे पॅड घालताना पिस्टन मागे घ्यायलाही हाच स्क्रू, उलट दिशेने. इथे सी-क्लॅम्प लावून जोर काढलात तर यंत्रणा मोडेल.

आणि आता तुमचं मोठं किट. तुमच्या गाडीला पुढे २३५ आणि मागे २३१ मिलिमीटरची डिस्क आहे. १९९४पासून १.८ लिटरच्या गाडीला कंपनीनेच २५५ आणि २५१ दिली. डिस्क मोठी म्हणजे पॅड केंद्रापासून लांब, तेवढ्याच दाबात ब्रेकचा जोर दहाएक टक्क्यांनी जास्त, आणि उष्णता साठवायला लोखंडही जास्त. ती डिस्क, तिचे ब्रॅकेट आणि पॅड चारही चाकांना घातले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडत नाही आणि १४ इंची चाकंही चालतात. रस्त्यावरच्या गाडीला मी याहून पुढे जाणार नाही.

चार पिस्टन ऐकायला भारी वाटतात, पण हिशोब करा. जोर मोजताना एका बाजूचेच पिस्टन धरायचे. ५१ मिलिमीटरचा एक पिस्टन आणि ३६चे दोन, यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच भरतं. म्हणजे तशा किटने जोर वाढत नाही. पॅड सारखे झिजतात, कॅलिपर कमी वाकतो, मोठी डिस्क बसते, बस. त्याहून मोठे पिस्टन घातले तर पेडल जास्त खोल जातं, पुढची चाकं आधी लॉक होतात, मागचे ब्रेक फुकट जातात आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. आणखी एक, जे विकणारा सांगणार नाही: रेसच्या बऱ्याच कॅलिपरना पिस्टनवर धूळ अडवणारे बूट नसतात. रेसच्या गाडीचे ब्रेक सारखे उघडून साफ होतात, म्हणून चालतं. पावसात उभ्या राहणाऱ्या तुमच्या गाडीत ते आत्ताच्या कॅलिपरपेक्षा लवकर जाम होतील.

होज, पिना, सील, ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड, एवढं करून गाडी महिनाभर चालवा. मोठ्या डिस्कची गरज उरली असेल तर मग पुन्हा लिहा.

प्रश्न : नव्वदच्या दशकातली जर्मन कूपे आहे, कॅलिपर ॲल्युमिनियमचे, चार पिस्टनचे, स्थिर. पिस्टन सगळे मोकळे आहेत, होज नवे आहेत, तरी पॅड हातोडीशिवाय निघत नाहीत आणि चाक जड फिरतं.

उत्तर : पिस्टन सोडा, पॅड ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या बघा. ॲल्युमिनियमच्या अंगावर स्टीलच्या पातळ पट्ट्या बारीक स्क्रूंनी बसवलेल्या असतात. दोन धातूंमध्ये ओल आणि रस्त्यावरचं मीठ शिरलं की ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि पट्टी उचलली जाते. पॅडची जागा अरुंद होते. पोर्शे ९६४, ९६८, ९९३ सांभाळणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

पॅडचे कान घासून बारीक करू नका. तो उपाय पुढच्या पॅडपर्यंतच टिकतो. स्क्रूंना गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा, पॅड आणि डिस्क त्यापासून लांब. स्क्रू तुटणारच नाहीत असं कोणी सांगू नये. पट्टी काढा, पूड नितळ धातू लागेपर्यंत खरवडा, पट्टी सरळ असेल तर तीच, नाहीतर नवी, खाली ओल शिरणार नाही असं सीलंट लावून बसवा. जुन्या पॅडची धूळ हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

प्रश्न : वडिलांची जुनी स्पोर्ट्स कार वर्षातले बरेच महिने उभीच असते. दर वेळी बाहेर काढताना ब्रेक चिकटलेले. डॉट ५ पाणी धरत नाही म्हणतात. घालू का?

उत्तर : आहे त्या ऑइलवर ओतायचं असेल तर मुळीच नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलची. ती एकमेकांत मिसळत नाहीत. सगळी सील नवी करून, नळ्या धुऊन, कोरड्या यंत्रणेत घालणार असाल तर उभ्या गाडीला ते चालतं. पेडल जरा मऊ लागेल. एबीएस असेल तर विसराच. आणि पाणी धरत नाही याचा अर्थ पाणी आत येत नाही असा नव्हे. आलेलं पाणी वेगळं राहतं आणि सगळ्यात खाली, म्हणजे कॅलिपरमध्येच, जाऊन बसतं.

मी डॉट ४ ठेवीन आणि दर दोन वर्षांनी बदलीन. डॉट मानकानुसार ते ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ३.७ टक्के पाणी धरल्यावर ती मर्यादा १५५वर येते. उरलेलं पाणी पिस्टन गंजवायला मोकळं. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा, म्हणजे पॅड डिस्कला चिकटणार नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी पेडल दाबा आणि गाडी चार हात पुढे-मागे करा. दुकानात '५.१' आणि '५' नीट वाचून घ्या, बाटल्या शेजारीशेजारीच असतात.