लोनचा रेट नंतर बघू, आधी जागा कोणाची ते सांगा

इंदूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. सांवेर रोडला पुढे गोठा आहे, 22 म्हशी, त्यातल्या 14 सध्या दुधावर. लिहितात, "ताई, घरोघरी दूध देतो, सगळं जाऊन महिन्याला 65 हजार सुटतात. आता प्रदूषण बोर्डाची नोटीस आलीय, शेणाचं पाणी नाल्यात सोडू नका, संमती घ्या, नाहीतर गोठा बंद. बायोगॅसवाल्याने 9 लाखांचं कोटेशन दिलंय, गॅस, स्लरी (गॅस निघाल्यावर उरणारं पातळ शेण) आणि कार्बन क्रेडिट (हवेत जाणारा गॅस वाचवल्याचे मिळणारे पैसे) धरून महिन्याला 25 हजार येतील म्हणतो. एका बँकेत 11 टक्क्यांनी लोन मंजूर झालंय, अजून उचललं नाही. दुसरी साडेनऊ म्हणते पण दोन महिने लागतील. कुठलं घेऊ?" आणि शेवटी जाता जाता, "मंजुरीच्या वेळीच मुलीच्या लग्नासाठी पॉलिसीपण काढली, वर्षाला 1 लाख, 15 वर्षं भरायचे, 22 लाख मिळतील." सोबत महिन्याच्या खर्चाचा कागद आणि गोठ्याचे फोटो.

भाऊ, रेटचं उत्तर दोन ओळीत देते. 9 लाख, 5 वर्षं, 11 टक्क्यांनी हप्ता साडेएकोणीस हजार, साडेनऊने एकोणीसच्या जरा आत. पाच वर्षांत फरक 40 हजारांचा. आता मुद्द्याचं बोलू.

तुमच्या खर्चाच्या कागदावर चारा, ढेप, दोन माणसं, लाइट याच्या खाली एक ओळ आहे, "जागा भाडं 10 हजार". ती वाचून मी तुम्हाला फोन केला, तेव्हा कळलं की अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं आहे आणि दरवर्षी तोंडी पुढे चालू राहतं. मग फोटो परत नीट बघितले. तिसऱ्या फोटोत म्हशी धुतायत, पाइप जमिनीवर पडलाय, हिरवट पाणी मागच्या भिंतीखालून बाहेर चाललंय, आणि भिंतीच्या वर कोपऱ्यात अर्धा बोर्ड दिसतोय, "प्लॉट उपलब्ध". तुमच्या गोठ्याला लागून कॉलनीचे प्लॉट पाडतायत भाऊ. आणि तुम्ही 9 लाखांचं काँक्रीट दुसऱ्याच्या जमिनीत गाडायला निघालात, अशा मालकाच्या, ज्याला उद्या शेजारच्या प्लॉटच्या दराने जमीन विकता येणार आहे.

नियम काय म्हणतो तेही बघा. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर केंद्रीय प्रदूषण बोर्डाने 2020 मध्ये डेअरी आणि गोशाळांसाठी मार्गदर्शिका काढली, 2021 मध्ये ती सुधारली. शेण-मूत्राची व्यवस्था त्यात आहेच, पण गोठा कुठे असावा हेही आहे: वस्तीपासून, शाळा-दवाखान्यांपासून, पाण्यापासून अंतर. म्हणजे बायोगॅस एक नंबर बसवलात तरी उद्या बाजूला शंभर घरं आली की तक्रार वासाची आणि माशांची येणार, आणि तेव्हा टाकी उचलून नेता येत नाही. 2017च्या आसपास इंदूर महापालिकेने शहरातले गोठे बाहेर काढले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आता शहरच तुमच्यापर्यंत आलंय. त्यात तुमचा नाला कान्ह नदीत जातो, कान्ह पुढे उज्जैनला क्षिप्रेत, आणि 2028 ला सिंहस्थ आहे. या पट्ट्यात नाल्यात काय पडतंय यावरची नजर आता ढिली होणार नाही, आणि व्हायलाही नको, ते पाणी खालच्या गावांना मिळतं.

आता ते 25 हजार. बोर्डाच्याच कागदात एका जनावराचं शेण दिवसाला 15 ते 20 किलो धरलंय. तुमचं झालं 350-400 किलो. किलोला साधारण 0.04 घनमीटर गॅस, म्हणजे रोज 14-15 घनमीटर, एलपीजीच्या हिशेबात 6 किलो. महिन्याला 12-13 सिलेंडर. छान दिसतं. पण तुम्ही घरात आणि गोठ्यात मिळून वापरता 2 किंवा 3, बाकीचा गॅस घेणार कोण? पाइपलाइन तुम्ही टाकणार? तर खरी बचत दोन-अडीच हजार, थंडीत गॅस कमी होतो तो वेगळाच. स्लरीला पैसे मिळतात हे खरंय, आणंदजवळच्या झकरियापुरात बायका विकतात, पण तिथे मागे एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) आणि बायकांची सहकारी संस्था उभी आहे, स्लरी उचलून तिचं खत करायची सोय आहे. तुमच्याकडे उचलणारा कोण ते नाव कोटेशनमध्ये नाही. आणि कार्बन क्रेडिट 22 म्हशींवर कोणी देत नाही, हजारो घरं एकत्र केली तर त्याची तपासणी परवडते. हे आकडे गोठेवाल्यासमोर ठेवून 9 लाख मागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. (तुम्ही डेन्मार्कमधल्या, गायींतून निघणाऱ्या गॅसवरच्या टॅक्सचा मेसेजपण पाठवलात, तो तिथे 2030 पासून आहे, आपल्याकडे असा टॅक्स नाही, त्या भीतीने काहीही घेऊ नका.)

आणि 65 हजार सुटतात हे मला मान्य नाही. कागदावर नवीन म्हैस कुठेच नाही. बरी दुधाची म्हैस लाखाच्या वर जाते, वर्षाला तीन बदलाव्याच लागतात, जुनीचे पैसे वजा केले तरी महिन्याला 20-25 हजार त्यातच गेले. राहिले 40. त्यातून हप्ता साडेएकोणीस, पॉलिसीचे महिन्याला आठ हजार तीनशे. घराला उरतात 12 हजार. एक म्हैस आटली की तेही गेले.

पॉलिसीबद्दल तर आजच हलायला हवं. 15 वर्षं लाख-लाख भरून 22 लाख म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांपेक्षा कमी, आणि तुम्ही कर्ज घेताय 11 ने! तुम्हाला सांगितलं की पॉलिसी घेतली की फाइल लवकर सरकते. लोनसोबत पॉलिसी घेणं सक्तीचं नाही, आणि फाइल लवकर सरकते असं सांगून ती गळ्यात मारणं चुकीचंच आहे. पॉलिसीचा बॉन्ड, म्हणजे तिचा कागद, हातात येऊन तीन आठवडे झाले म्हणालात. हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येतो, थोडे स्टँप वगैरेचे आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून प्रीमियम परत मिळतो. विमा हवाच आहे, तुमच्यावर चार जण अवलंबून आहेत, तर 50 लाखांचा साधा टर्म विमा (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या, तंबाखू खात नसाल तर साधारण दहा-पंधरा हजारांत होतो, पण तो हातात आल्यावरच बाकीचं बोला. आणि म्हशींचा विमा? वीस-बावीस लाखांची जनावरं उभी आहेत आणि कागदावर त्याची एकही ओळ नाही.

मग नोटिशीचं काय करायचं. लोन उचलू नका. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, वेळ मागा, आणि त्यात लिहाल ते याच आठवड्यात सुरू करा. आधी फावड्याने कोरडं शेण उचलायचं, मगच पाइप लावायचा, पाणी निम्म्यावर येतं. गोठ्याचा उतार मागच्या भिंतीकडून काढून एका पक्क्या खड्ड्याकडे वळवा, मूत्र आणि धुण्याचं पाणी तिथे, मग तिथून शेताला. शेणासाठी गांडूळखताचे बेड करा, नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याला ट्रॉलीच्या भावाने द्या. घराच्या चुलीपुरता छोटा बायोगॅस 50-60 किलो शेणावर चालतो, तो हवा तर नंतर बघू. हे सगळं मिळून लाख-दीड लाखात बसायला हवं, आणि जागा सुटली तरी एवढं नुकसान सोसता येतं.

त्याच वेळी मालकाशी बसा. सरळ विचारा, 8-10 वर्षांची रजिस्टर्ड लीज देतो का. संमतीच्या अर्जाला जागेचे कागद लागणारच आहेत. हो म्हणाला तर कॉलनीपासूनचं अंतर आधी मोजा, नाही म्हणाला तर सांवेरच्या पुढे वस्तीपासून लांब जागा शोधायला लागा, दूध वाटायला अर्धा तास जास्त जाईल. लोन घ्यायचंच असेल तर त्या जागेसाठी घ्या, आणि तेव्हा साडेनऊवाल्या बँकेची दोन महिने वाट बघायला माझी काही हरकत नाही.

बॉन्डच्या पाकिटावरची तारीख बघून मला आज संध्याकाळी कळवा, अर्ज कसा लिहायचा ते फोनवर सांगते.