वाडा मोजायला जाशील तेव्हा

प्रिय मित्रा,

जुन्या नाशकातला वाडा मोजायला जातोयस, तर कोरीव खांबांचे फोटो शेवटी काढ. आधी माळ्यावर चढ. तांबट आळीतले ठोके विरळ झाले, घरची माणसं सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या नोकऱ्यांमागे गंगापूर रोडला गेली, आणि खाली दुकान, वर कुलूप असे कितीतरी वाडे उरले. भाडं तुटपुंजं म्हणून मालक दुरुस्ती टाळतो, घर आपलं नाही म्हणून भाडेकरू. माळ्यावर मग कुणी फिरकतच नाही.

एक कौल सरकलं तरी पाणी भिंतीच्या माथ्यात मुरतं आणि तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं. मधे तुळई ठणठणीत दिसते, म्हणून फसायला होतं. भिंतीलगतच्या वीतभर भागात पेचकस टोचून बघ. जोर न लावता अर्धा इंच आत गेला, तर टोक कुजलं. पण तेवढ्यासाठी अख्खी तुळई काढू देऊ नकोस. धिरे, म्हणजे खालून टेकू, लावून कुजका भाग कापायचा आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा. चांगला सुतार हे करतो. ठेकेदाराला मात्र गर्डरच टाकायचा असतो.

सिमेंटचा गिलावा दिसला की त्याच्या वरच्या कडेला हात लावून बघ. जोत्यातून चढलेली ओल त्यातून बाहेर पडत नाही, वर सरकते आणि लाकूड गाठते. तिथे चुनाच हवा: किमान पंधरा दिवस भिजवलेला, एका भागाला तीन भाग चाळलेली वाळू, थर १०-१२ मिलिमीटरचा, वर आठवडाभर ओलं गोणपाट. थर जाड झाला किंवा उन्हात भराभर वाळला, की तडकतो.

भिंतीच्या तड्यावर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटव आणि तारीख लिही. पावसाळाभरात पट्टी फुटली, तर भिंत अजून सरकतेय. खोल्या काटकोनात नसतात, दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय नकाशा जुळायचा नाही.

महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली धोकादायक घराची नोटीस आली की मालक हबकतात. त्या कलमात पाडण्याबरोबर आधार देणं आणि दुरुस्तीही आहे, हे त्यांना वाचून दाखव.

लाकूड उतरवावंच लागलं, तर पुन्हा जोडताना ओळखायचे आकडे खडूने घालू नकोस, पहिल्या सरीत पुसतात. पत्र्याच्या चकत्या ठोक, आणि तेच आकडे नकाशावरही टाक.